मनीऑर्डर जिल्ह्याचे मतदान

सिंधुदुर्ग हा कोणाचा बालेकिल्ला, या प्रश्नाला गेल्या सहा-सात दशकांत निदान तीन उत्तरे मिळाली आहेत आणि प्रत्येक उत्तर देणाऱ्याला आपले उत्तर कायमचे वाटत होते. 1957 पासून 1989 पर्यंत, सिंधुदुर्ग तेव्हा ज्यात येई त्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने सलग आठ सार्वत्रिक निवडणुकांत समाजवादी उमेदवार निवडून दिला. पहिल्या तीन वेळा वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै, पुढच्या पाच वेळा प्रा. मधु दंडवते. 1971 मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत महाराष्ट्रातल्या 45 पैकी 42 जागा काँग्रेसकडे गेल्या, तेव्हाही राजापूर गेले नाही. 1984 च्या सहानुभूतीच्या लाटेतही नाही. मग 1991 मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले आणि 1996 पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू सलग चार वेळा. 2009 मध्ये नव्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात काँग्रेसचे नीलेश राणे जिंकले, 2014 आणि 2019 मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत, 2024 मध्ये भाजपचे नारायण राणे. समाजवादी, काँग्रेस, शिवसेना, भाजप : एकाच किनाऱ्याने हे सगळे पाहिले. इतक्या वेळा रंग बदलणाऱ्या लोकांना राजकीय विचार नाही, असे पुण्या-मुंबईच्या बैठकांत म्हटले जाते. मला ते पटत नाही. रंग बदलले, पण मत देण्यामागचा हिशेब फारसा बदललेला नाही, आणि तो हिशेब समजून घ्यायचा तर आधी या जिल्ह्याचे पोट कुठून भरत आले ते पाहावे लागते.

मालवणपासून मुंबई पाचशे किलोमीटर. तरी पोटापाण्याच्या दृष्टीने सिंधुदुर्ग हे मुंबईचे सर्वांत लांबचे उपनगर आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये. उपनगरातला माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी परततो. इथला जूनमध्ये जाऊन गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात परततो, एवढाच फरक. भातशेती चार महिन्यांची, जमिनीचे तुकडे झालेले, आंब्याचे उत्पन्न बेभरवशाचे. त्यामुळे घरटी एक तरी पुरुष गिरणीत, गोदीत, बेस्टमध्ये किंवा पोलिसांत आणि घर चालते पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून. ‘मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा’ हे या भागाचे जुने वर्णन अतिशयोक्त नव्हते. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 8,49,651 भरली. 2001 मध्ये ती 8,68,825 होती. देशाची लोकसंख्या वाढत असताना महाराष्ट्रातले जे तीन जिल्हे घटले, ते मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. या तिघांची नावे एका यादीत यावीत हा योगायोग म्हणता येणार नाही. लालबाग-परळ रिकामे झाले ते डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याकडे. गाव रिकामे होत गेले तेही त्याच दिशेने.

अशा ठिकाणी मतदाराला आमदार-खासदार नेमका कशासाठी लागतो? घाटावर ऊस असतो, साखर कारखाना असतो, पाटाचे पाणी असते. तिथे सत्ता म्हणजे पाण्याची पाळी आणि उसाची तोड. सिंधुदुर्गात यातले फारसे काही नाही. इथे लागतो तो मुंबईतला धागा : पोराला चिकटवणारा, रुग्णालयात खाट मिळवून देणारा, मंत्रालयातल्या मजल्यावर फाईल कुठे अडली ते सांगू शकणारा. त्याला मालवणीत एकच पदवी आहे, ‘आपलो माणूस’. माझे म्हणणे असे, की वाडी आणि तिच्या मिळकतीचे मूळ यांच्यातला धागा ज्याच्या हाती, त्याला सिंधुदुर्गाने मत दिले. मिळकतीचे मूळ जसे सरकत गेले तसा हा धागा एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि पक्षांची नावे त्याच्या मागून बदलत गेली.

समाजवाद्यांच्या काळाला हे लावून पाहिले तर पहिला आक्षेप लगेच येतो. नाथ पै काही कोणाला नोकरीला चिकटवणारे नव्हते. ते संसदेत सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकारासाठी खासगी विधेयक मांडत होते, आणि मालवणच्या रापणकर मच्छीमाराने त्या विधेयकासाठी मत दिले असे कोणी म्हणणार नाही. खरे आहे, त्यांच्या वाणीचा आणि चारित्र्याचा प्रभाव नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढ्याने बत्तीस वर्षे भरून निघत नाहीत. दंडवते जन्माने अहमदनगरचे, व्यवसायाने मुंबईत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. राजापूरशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते. तरी पाच वेळा ते निवडून आले, कारण समाजवादी चळवळीचे जाळे मुंबईच्या कामगार संघटना, राष्ट्र सेवा दल, शाळामास्तर यांच्यातून गावात उतरले होते. गिरणगावात एकेका गावाची खोली असे; ग्रामस्थ मंडळ तिथे भरे, देवळाचा जीर्णोद्धार असो की शाळेची वर्गणी, निर्णय तिथे होत. निवडणुकीत त्या खोलीचे पत्र गावाच्या सभेपेक्षा जड असे. हाती पैसा असलेल्याचा शब्द घरात चालतो, आणि पैसा मुंबईत होता.

हे जाळे तुटले कशाने? केवळ विकासकामांनी मते मिळत असती तर दंडवते 1991 मध्ये हरायला नको होते. कोकण रेल्वेसाठी ज्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला, ते त्या रेल्वेच्या महामंडळाची स्थापना झाली त्या 1990 साली केंद्रात अर्थमंत्री होते आणि रेल्वे खाते त्यांचेच समाजवादी सहकारी जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होते. पुढच्याच निवडणुकीत राजापूरने त्यांना घरी बसवले. (26 जानेवारी 1998 ला संपूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा त्याचे राजकीय पीक कापायला समाजवादी शेतात उरलेच नव्हते.) रूळ पडायच्या आधीच धागा तुटला होता. जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मोडकळीला आल्या, कामगार संघटनांचे वजन गेले आणि कोकणी तरुणाला मुंबईत आधार देणारी जागा म्हणून पूर्वीच्या युनियनच्या कचेरीऐवजी शिवसेनेची शाखा उरली. नळाचे भांडण, शाळेचा प्रवेश, पोलीस ठाण्यातले प्रकरण शाखेत मिटू लागले. नारायण राणे यांची वाटचाल या बदलाचा नमुनाच आहे : मूळ गाव कणकवलीजवळचे वरवडे, घडण चेंबूरच्या शाखेत, मग मुंबई महापालिकेचे नगरसेवक, बेस्ट समितीचे अध्यक्ष आणि 1990 मध्ये मालवणचे आमदार. जो चाकरमानी मुंबईत शाखेत जाई त्याच्याच हाताने भगवा वाडीवर आला. बाळासाहेबांची सभा गावात होण्याआधी गावाच्या माणसाने ती शिवाजी पार्कवर ऐकलेली असे.

यानंतरचा बदल अधिक सूक्ष्म आहे आणि तोच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. 1981 मध्ये रत्नागिरीतून वेगळा जिल्हा झाला, ओरोसला मुख्यालय आले, 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. रस्ते, बांधकाम, वाळू, हॉटेले, महाविद्यालये, जिल्हा बँक यांतून मिळकतीचा एक भाग जिल्ह्यातच तयार होऊ लागला. धाग्याचे दुसरे टोक मुंबईहून कणकवली-कुडाळला सरकले. त्याची कसोटी 2005 मध्ये लागली. राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले, आमदारकीचा राजीनामा दिला आणि नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत मालवणमधून साठ हजारांहून अधिक मतांनी परत आले. वर्षभरापूर्वी ज्या मतदारांनी धनुष्यबाणावर निवडून दिले त्यांनीच हातावर निवडून दिले. विचारांनी तो मतदार शिवसैनिक असता तर एका वर्षात काँग्रेसी कसा झाला असता? आणि जिल्हा बँकेच्या निवडणुकीला इथे विधानसभेइतका ताण का असतो, तेही यातून कळते. डिसेंबर 2021 च्या निवडणुकीत 19 पैकी 11 जागा भाजपच्या पॅनेलला मिळाल्या, बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष समान मते पडून चिठ्ठीवर हरले आणि त्या निकालाची चर्चा कैक दिवस पुरली. पीककर्ज, बागेचे कर्ज, होडीचे कर्ज जिथून येते ती बँक हा आता मनीऑर्डरचा वारस आहे.

सावंतवाडीत हेच वेगळ्या रूपात दिसते. दीपक केसरकर 2009 मध्ये राष्ट्रवादीकडून, 2014 आणि 2019 मध्ये शिवसेनेकडून, शिवसेना फुटल्यावर 2024 मध्ये एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेकडून निवडून आले. चिन्हे बदलली, आमदार तोच.

मग चिन्हाला काहीच किंमत नाही का? हा दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्यापेक्षा बळकट आहे. धागा हाती असलेला माणूस अजिंक्य असेल तर 2014 चे काय करायचे? त्या वर्षी लोकसभेत नीलेश राणे सुमारे दीड लाखाने हरले आणि ऑक्टोबरमध्ये स्वतः नारायण राणे कुडाळमध्ये शिवसेनेच्या वैभव नाईक यांच्याकडून दहा हजारांहून अधिक मतांनी. 2019 मध्ये स्वतःच्या वडिलांच्या महाराष्ट्र स्वाभिमान पक्षाकडून लढलेल्या नीलेश यांचा पराभव पावणेदोन लाखांच्या पुढे गेला. माणूस तोच, जाळे तेच, तरी हार. पण त्याच ऑक्टोबर 2014 च्या मतदानात, त्याच काँग्रेसच्या हातावर, शेजारच्या कणकवलीत नीलेश यांचे बंधू नितेश राणे निवडून आले. पक्ष एक, आडनाव एक, दिवस एक, निकाल दोन. म्हणजे नुसत्या चिन्हाने हे सुटत नाही आणि नुसत्या घराण्यानेही सुटत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे धाग्याला दोन टोके लागतात : एक वाडीत, दुसरे सत्तेत. 2014 मध्ये काँग्रेसची सत्ता जाणार हे सर्वांना दिसत होते. 2019 मध्ये स्वाभिमान पक्षाला दिल्लीत किंवा मुंबईत सत्तेचे टोकच नव्हते. कुडाळमध्ये शिवाय वैभव नाईक हे त्याच मातीतले, लग्नाकार्याला हजर राहणारे, दुसरे ‘आपले माणूस’ समोर होते. चिन्हाचे मोल राजकारणी स्वतः काय लावतात ते 2024 मध्ये दिसले : कुडाळची जागा युतीत शिंदे यांच्या शिवसेनेला सुटली, तेव्हा नीलेश राणे निवडणुकीच्या तोंडावर भाजप सोडून त्या पक्षात गेले आणि धनुष्यबाणावर लढून सुमारे आठ हजारांनी जिंकले. चिन्ह मत निर्माण करीत नाही. वरचे टोक कुठे बांधले आहे ते मतदाराला सांगते.

मुद्द्यांचे काय, असे विचारणाऱ्यांना मालवणची किनारपट्टी आठवते. पर्ससीन आणि एलईडी मासेमारीविरुद्ध रापणकर आणि गिलनेटवाले वर्षानुवर्षे झगडत आहेत. पर्ससीनवर निर्बंध घालणारा 5 फेब्रुवारी 2016 चा राज्य सरकारचा आदेश हे त्या झगड्याचे फळ. नाणारच्या रिफायनरीत देवगडमधली गिर्ये आणि रामेश्वर ही गावेही होती आणि मार्च 2019 मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, तो प्रकल्प तिथून हलवावा लागला. मुद्द्यांना धार आहे, यात शंका नाही. पण ती धार सरकारचा निर्णय बदलायला जेवढी पुरते तेवढी आमदार बदलायला पुरत नाही. याचा सर्वांत कठोर पुरावा मालवणच्या राजकोट किल्ल्याचा आहे. 4 डिसेंबर 2023 ला नौदल दिनी तिथे पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. महाराष्ट्रभर संताप उसळला. तीन महिन्यांनी, 20 नोव्हेंबरला, ज्या कुडाळ मतदारसंघात राजकोट आहे त्याच मतदारसंघाने सत्ताधारी युतीचा उमेदवार निवडून दिला. लोकसभेत नारायण राणे यांना तिथे मिळालेल्या आघाडीपेक्षा ही आघाडी बरीच कमी होती. तेव्हा पुतळ्याचा काहीच परिणाम झाला नाही असेही म्हणता येत नाही. राग मतपेटीत उतरला, पण धागा तोडण्याइतका नाही.

जातीचा मुद्दा मी मुद्दाम थोडक्यात घेतो. मराठा, भंडारी, गाबीत, सारस्वत, धनगर, बौद्ध, ख्रिस्ती या समाजांची गणिते प्रत्येक पक्ष मांडतो आणि उमेदवारी देताना ती चालतातही. मात्र जात हीच किल्ली असती तर तीच जात, तीच वाडी पाच-पाच वर्षांनी पक्ष बदलती ना. जात धाग्याला वाट करून देते, दिशा देत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, तिथे ‘गाव पॅनेल’ उभे राहते आणि त्या पॅनेलमध्ये रवळनाथाच्या देवळातले मानकरी, त्यांचे जुने वाद आणि पाण्याची नवी टाकी हे सगळे एकत्र असते. त्या निकालाला वर्तमानपत्रे दुसऱ्या दिवशी पक्षांचे रंग फासतात, त्याकडे फार लक्ष देऊ नये. पैसे वाटून मते मिळतात म्हणणाऱ्यांनीही एवढे सांगावे, की पैसा दोन्हीकडून आल्यावर निवड कशावर होते.

2024 च्या दोन निवडणुका शेजारी ठेवल्या की चित्र अधिक स्पष्ट होते. मे महिन्यातल्या लोकसभेच्या मतदानात नारायण राणे 47,858 मतांनी जिंकले. सिंधुदुर्गातल्या कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी या तिन्ही विधानसभा क्षेत्रांनी त्यांना आघाडी दिली, तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या तिन्हींनी विनायक राऊत यांना. एकाच मतदारसंघाच्या मध्यावरून जणू रेघ ओढली गेली. इथे जनगणनेतला एक आकडा बोलका आहे. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या 2011 मध्ये रत्नागिरीत 1122 होती, सिंधुदुर्गात 1036. सिंधुदुर्गात तीच 2001 मध्ये 1079 होती. पुरुष मुंबईला आणि बाई गावाला, हे जुने कोकण रत्नागिरीत अजून बरेच टिकले आहे. सिंधुदुर्गात एक तर कुटुंबेच्या कुटुंबे निघून गेली किंवा पुरुष गावात राहू लागला. जिथे मुंबईचा धागा जाड, तिथे मुंबईच्या सेनेला, म्हणजे राऊत यांना, मत. जिथे मिळकत स्थानिक झाली, तिथे स्थानिक सत्ताधाऱ्याला. यावर ताबडतोब नोव्हेंबरचा निकाल तोंडावर मारता येईल, कारण सहा महिन्यांत रत्नागिरीतल्या त्याच तिन्ही क्षेत्रांनी महायुतीचे आमदार निवडून दिले. पण दिल्लीच्या निवडणुकीत धागा दूरचा असतो, विधानसभेत तो थेट उंबरठ्यापर्यंत येतो आणि तिथे उदय सामंत यांच्यासारखा मंत्री उभा असतो. त्यात ऑगस्ट 2024 पासून ‘लाडकी बहीण’चे महिना दीड हजार रुपये थेट बाईच्या खात्यात पडू लागले होते. नवऱ्याची मनीऑर्डर नाही, पुढाऱ्याची चिठ्ठी नाही, मध्ये कोणीच नाही. मध्यस्थाशिवाय येणारा पैसा उद्या या जिल्ह्याचे राजकारण कसे बदलेल, हा मला पुढचा खरा प्रश्न वाटतो. अर्थात जिल्ह्याच्या आकड्यांवरून एकेका मतदाराबद्दल निष्कर्ष काढू नये, हे समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी 1950 मध्येच बजावून ठेवले आहे; ज्या भागात स्त्रिया जास्त तिथे अमुक पक्ष पुढे, म्हणजे स्त्रियांनीच त्याला मत दिले असे होत नाही. वरची तुलना एक शक्यता दाखवते, पुरावा म्हणून ती अपुरी आहे.

या साऱ्यात चाकरमान्याचे स्वतःचे मत कुठे पडते? मुंबईच्या पत्त्यावर आणि गावच्या घरावर, दोन्हीकडे नाव असणे इथे कोणाला गैर वाटत नाही. 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा मात्र स्पष्ट आहे : एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघाच्या यादीत असावे आणि गावात घर मालकीचे आहे एवढ्यावरून कोणी तिथला ‘सर्वसाधारण रहिवासी’ ठरत नाही. तोच कायदा असेही म्हणतो, की तात्पुरता बाहेर गेल्याने रहिवास संपत नाही. पण तीस वर्षे नालासोपाऱ्यात राहून गणपतीला येणारा तात्पुरता बाहेर म्हणायचा का? ज्या पक्षांनी याचे उत्तर मागायला हवे तेच गणपतीला मोफत बस आणि रेल्वेगाड्या सोडतात. घर कोणाचे, हा प्रश्न कोकणात न्यायालयेही सोडवू शकलेली नाहीत. यादीतल्या नावाचे काय घेऊन बसलात!

शेवटी एक गोष्ट, जी धाग्याच्या राजकारणाला सर्वाधिक पोसते आणि जी बदलणे खरोखर शक्य आहे. कागदी मतपत्रिकांच्या दिवसांत अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळता येत. मतदान यंत्रे आल्यापासून प्रत्येक यंत्र वेगळे मोजले जाते आणि नमुना 20 मध्ये केंद्रनिहाय आकडे प्रसिद्ध होतात. मोठ्या शहरात त्याने काही बिघडत नाही. सिंधुदुर्गात डोंगर-खाड्यांमुळे वस्ती विखुरलेली, बऱ्याच केंद्रांवर काही शेच मतदार. तिथे केंद्राचा आकडा म्हणजे दोन-तीन वाड्यांचा आकडा. कोणत्या वाडीने कोणाला दिले हे निकालाच्या संध्याकाळीच पुढाऱ्याला कळते आणि साकव कुठे होणार, डांबर कुठे थांबणार हे त्यावर ठरण्याची भीती मतदाराच्या मनात राहते. व्यक्तीचे मत गुप्त, वाडीचे उघडे. अनेक यंत्रांची मते एकत्र करून मोजणारे ‘टोटलायझर’ नावाचे साधन यासाठी निवडणूक आयोगाने 2008 मध्येच सुचवले, विधी आयोगाने 2015 च्या आपल्या 255 व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला; केंद्र सरकारने ते स्वीकारले नाही. केंद्रनिहाय आकडे गेले तर अभ्यासकांचे नुकसान होईल, हे मान्य. तरी वाडीच्या मताची गुप्तता त्याहून मोलाची आहे आणि पुढच्या वेळी मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही चिन्हाचा असो, टोटलायझरबद्दल त्याचे म्हणणे काय ते मतदारांनी विचारावे.